तिसऱ्या मजल्यावर येणारे फोटो

दोन हजार सहा साल असेल. मी तेव्हा मीरा रोड स्टेशनजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॅमेऱ्यांच्या काउंटरवर कामाला होते. रोलचे कॅमेरे मागच्या कपाटात गेले होते आणि शोकेसमध्ये डिजिटल कॅमेरे ओळीने मांडलेले असायचे. लोक यायचे, मेगापिक्सेल विचारायचे, हातात घेऊन वजन बघायचे आणि "संडे को आते हैं" म्हणून निघून जायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास एक नवीन मॉडेल आलं. तळहातात मावेल एवढं, राखाडी धातूचं, कडा गोल केलेल्या. बटण दाबलं की लेन्सवरच्या दोन पापण्या उघडायच्या आणि लेन्स हळूच बाहेर यायची. मागे अडीच इंचांचा स्क्रीन. दिसायला इतर चार कॅमेऱ्यांसारखंच, फक्त वरच्या बाजूला धातूच्या मध्ये काळ्या प्लास्टिकची एक पट्टी होती आणि मोड बदलायच्या चकतीवर एक जास्तीचं चिन्ह होतं, हवेत लहरी जातायत असं. चकती त्या चिन्हावर आणली की बाजूला एक निळा दिवा लुकलुकायला लागायचा आणि काढलेला फोटो वायरशिवाय कॉम्प्युटरवर जाऊन पडायचा.

"ती काळी पट्टी का दिलीय माहितीये?" आमच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने मला विचारलं होतं. "धातूतून लहरी बाहेर पडत नाहीत. म्हणून तेवढी खिडकी ठेवलीय."

तो माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा होता. रायगडातल्या एका गावातून आलेला, पेणकरपाड्यात मावसभावाबरोबर एका खोलीत राहायचा. दुकानाच्या माळ्यावर त्याचं टेबल होतं. दिवसभर तो तिथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकलेला असायचा. बोलायला हळू, पण एखादी गोष्ट समजावून सांगायला लागला की त्याला वेळेचं भान राहायचं नाही. मला तो 'तुम्ही' म्हणायचा, मीही त्याला. काउंटरवरच्या बाकी सगळ्यांचं एकमेकांशी अरे-तुरे चालायचं, आमचंच तेवढं राहून गेलं होतं.

त्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका मी पाठ केली होती. मोकळ्या जागेत तीस मीटरपर्यंत फोटो जातो. भिंत आली की अंतर कमी होतं. वायरलेस चालू असताना बॅटरी लवकर उतरते. मी गिऱ्हाइकांना हे सगळं सांगायचे. गिऱ्हाईक ऐकायचं आणि म्हणायचं, "लेकिन वायर तो साथ में आता है ना?" मग त्याच्याच शेजारचा साधा कॅमेरा घेऊन जायचं. खरं होतं ते. तेव्हा आमच्या भागात घरी राउटर होता कोणाकडे? दिवाळी झाली, नाताळ झाला, तो कॅमेरा आपला शोकेसमध्येच. आमचे गुजराती शेठ रोज त्याच्याकडे बघून मान हलवायचे. "इसको इधर कोई नहीं लेगा, बेन."

घरी आई दीड वर्षापासून पलंगावर होती.

आम्ही लालबागची खोली विकून भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात वन रूम किचन घेतलं, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईने घर बघताना तेवढं एकच विचारलं होतं, खाली भाजीवाला येतो का. ती दिवसातून चारदा खाली-वर करायची. संध्याकाळी खाडीवर चालायला जायची आणि परत येताना जिन्यात प्रत्येक मजल्यावर कोणाशी तरी बोलत उभी राहायची. मग एकदा बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ते नीट बसलं नाही. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं, तिच्या हृदयाला ते झेपेल की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. आई म्हणाली, "आता राहू द्या." हात चांगले होते, पाठीला उशा लावल्या की ती तास-दोन तास बसू शकायची. चालणं मात्र संपलं.

आमचं घर इमारतीच्या मागच्या बाजूला. दोन्ही खिडक्यांतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि तिच्यावरचे ड्रेनेजचे पाइप. मी रात्री कामावरून आले की आई विचारायची, "खाली काय चाललंय गं?" मी दमलेली असायचे. म्हणायचे, "काही नाही. रोजचंच." तिला ते रोजचंच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते कळलं दुकानात. एक दिवस गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून मी तो कॅमेरा घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर गेले आणि समोरच्या केळीवाल्या बाईचा फोटो काढला. आत आले तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ती बाई आलेली होती, केळ्यांवर पाणी मारत. बाहेर वळून बघितलं तर अजून ती पाणीच मारत होती. गिऱ्हाईक नेहमीसारखं गेलं. मी मात्र त्या स्क्रीनसमोर उभी राहिले. माळ्यावरून तो खाली आला होता, त्याला म्हटलं, "हे घरात करता येईल? तिसऱ्या मजल्यावर?"

"कोणासाठी?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. मग म्हणाला, "रविवारी येऊन बघतो."

शेठनी तो कॅमेरा मला कमी किमतीत दिला. शोकेस रिकामी झाली म्हणून ते खूशच होते. घरी कॉम्प्युटर होता, माझ्या क्लाससाठी घेतलेला. केबलवाल्याचं इंटरनेट तेव्हा आमच्या गल्लीत आलेलंच होतं, पण दुकानातल्या त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की यासाठी इंटरनेटचीही गरज नाही, फक्त राउटर पाहिजे. तो त्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणला.

रविवारी तो आला आणि आधी बराच वेळ आईशी बोलत बसला. ती त्याच्या गावाबद्दल विचारत होती, तो तिच्या गुडघ्याला हात लावून इथे दुखतं का, तिथे दुखतं का विचारत होता, जणू तोच डॉक्टर. मग त्याने कॅमेरा घेऊन गेटपर्यंत चक्कर मारली आणि तोंड पाडून परत आला. मागच्या बाजूचं घर, मध्ये तीन भिंती, गेटपर्यंत काही पोचत नव्हतं.

वाट काढली ती समोरच्या घरातल्या गुजराती बेनने. तिची गॅलरी रस्त्यावर होती. दार उघडं होतं, सगळं ऐकत होती ती. "मारी गॅलरीमां लगाडी दो ने," म्हणाली. मग आमच्या कॉम्प्युटरपासून एक लांब निळी वायर निघाली, दाराच्या वरून पॅसेजमध्ये, तिच्या दारावरून आत आणि गॅलरीच्या ग्रिलपर्यंत. राउटर त्या ग्रिलला प्लास्टिकच्या पिशवीत बांधला.

बाबांना खाली पाठवलं. बाबा फोर्टातल्या एका कचेरीतून निवृत्त झालेले, आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नव्हता. मी त्यांना चकती दाखवली, बटण दाखवलं. ते गेटजवळ भाजीच्या गाडीपाशी उभे राहिले. वर आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. काही झालं नाही. मग स्क्रीनवर वरून खाली एक फोटो उघडत गेला. भाजीवाल्याचं पोट, तराजू आणि मेथीच्या जुड्या. डोकं कापलं गेलं होतं.

आई पुढे वाकली. "अगं, हा आपला भय्या," ती म्हणाली. "त्याने शर्ट नवीन घेतलाय." मग तिने पलंगाशेजारचा फोन उचलून बाबांच्या मोबाइलवर लावला. "अहो, मेथी नको, जुनी दिसतेय. ते पलीकडे काय आहे? जवळून काढा. हात हलवू नका."

दुसरा फोटो आला. वांगी होती. "हां, ती घ्या. लहान लहान बघून."

मी आईकडे बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो वायरचं टोक बोटांत धरून हसत होता.

त्यानंतर आमच्या घरातलं सगळं बदललं असं म्हटलं तर खोटं होईल. आईचं दुखणं होतं तसंच होतं. पण सकाळी दहा वाजता बाबा कॅमेरा घेऊन खाली जायचे, जास्तीची बॅटरी शर्टाच्या खिशात टाकून, आणि तासभर आई खालीच असायची. भाजी तीच निवडायची. गेटवर कोण उभं आहे, वॉचमनच्या मुलीची शाळेची बस आली की नाही, कोणाच्या गॅलरीत पापड वाळत घातलेत, सगळं तिला कळायचं. बाबांचा हात कापायचा, निम्मे फोटो हललेले यायचे. आई ते हललेलेही पुसू द्यायची नाही. लोकांनाही हळूहळू कळलं. बाबांनी कॅमेरा वर केला की भाजीवाला "माताजी देख रही हैं क्या?" म्हणत केस नीट करायचा. खालच्या बायका हात हलवायच्या. आणि मग त्यातल्या दोघी-तिघी वरही यायला लागल्या. आजारपणाच्या पहिल्या महिन्यानंतर त्या यायच्या थांबल्या होत्या. आजारी माणसाशी काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून असेल. आता बोलायला फोटो होते.

आईला खाडी हवी होती.

"तेवढी एकदा दाखवा हो," ती बाबांना म्हणायची. खाडी चालत दहा मिनिटांवर. बाबा गेले, तीस-चाळीस फोटो काढून आणले, कार्ड कॉम्प्युटरला लावून दाखवले. आईने सगळे बघितले, छान आहेत म्हणाली आणि उशा काढायला सांगितल्या. मी विचारलं, "काय झालं? आवडले नाहीत?"

"आवडले गं. पण हे मघाचं झालं ना. तेव्हा मी इथेच होते." थोड्या वेळाने म्हणाली, "भाजीवाला येतो तेव्हा मी तिथे असते."

मी हे त्याला दुकानात सांगितलं. त्याने मनावर घेतलं. मोठा अँटेना लावून बघितला, गच्चीवर राउटर नेऊन बघितला. दर रविवारी काहीतरी नवीन घेऊन यायचा, बाबा कॅमेरा घेऊन खाडीच्या दिशेने चालत जायचे, फोनवर "आता? आता?" विचारत. चौकाच्या अलीकडेच निळा दिवा विझायचा. आई म्हणायची, "राहू दे रे बाळा, किती त्रास घेशील." पण त्याच्यासाठी आदल्या रात्रीच बाबांकडून तांदूळ भिजत घालून घ्यायची, घावन्यांसाठी. घावनं मी काढायचे. तो ओट्याशी उभा राहून गरम गरम खायचा आणि मला मोडेमपासून मंगळापर्यंत काहीही समजावून सांगायचा. मला निम्मं कळायचं नाही. तव्याकडे बघत मी "हं, हं" करत राहायचे. तो शनिवारी काय करतो, सोमवारी डब्यात काय आणतो, हे सगळं मला माहीत झालं होतं.

अँटेनाचे प्रयोग संपले तेव्हा त्याला यायला कारण उरलं नाही. मग मी एक गोष्ट केली. शनिवारी रात्री कॉम्प्युटरच्या मागची निळी वायर थोडी सैल केली. सकाळी फोटो येईनात. बाबांनी त्याला फोन केला, तो आला, मागे हात घालून वायर आत ढकलली आणि ओट्याशी येऊन उभा राहिला. दोन आठवड्यांनी मी पुन्हा तेच केलं. तो पुन्हा आला. तिसऱ्या वेळी वायर निघालेली होती, पण ती मी काढलेली नव्हती.

तो गेल्यावर मी आईकडे बघितलं. कॉम्प्युटर पलंगाला लागूनच होता, तिचा हात सहज पोचायचा.

"आई, तू काढलीस?"

"दर वेळी तूच काढायचीस का?" ती म्हणाली आणि कूस बदलायला माझ्या हाताचा आधार मागितला.

आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते फार सुखाचं होतं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात त्याला बंगलोरला नोकरी लागली. लॅपटॉप दुरुस्तीचं मोठं सर्व्हिस सेंटर होतं. दुकानातल्या सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला. तो घरी सांगायला आला तेव्हा आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "जायच्या आधी माझं एक काम करशील? मला खाडीवर घेऊन चल."

हे आम्ही तिला आधी चार वेळा विचारलं होतं. खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हणून. ती तयार व्हायची नाही. लोक बघतील, म्हणायची. गेटवरच्या सगळ्यांना ती रोज बघत होती, पण वर येणाऱ्या दोघी-तिघी सोडल्या तर त्यांनी तिला बघितलं नव्हतं, आणि दीड-दोन वर्षांत तिची काय दशा झालीय ते त्यांना दिसायला नको होतं. त्या दिवशी स्वतःहून म्हणाली. मी तिचे केस विंचरले, ठेवणीतली हिरवी साडी नेसवली.

त्याने आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उतरवलं. बाबा पुढे, "सांभाळून, सांभाळून" करत. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. आईने डोळे मिटून घेतले होते. खाली आल्यावर उघडले, तर समोर भाजीवाला. गाडीवरून एक लिंबू उचलून त्याने तिच्या हातात ठेवलं. मग रिक्षा.

ओहोटीची वेळ होती. पाणी मागे गेलेलं, चिखल उघडा पडलेला, रेतीच्या दोन होड्या तिरक्या होऊन पडलेल्या. वास येत होता. आईने तो खोल आत घेतला. बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून. असं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. म्हणून मी थोडी पुढे कठड्यापाशी गेले. तोही आला.

"तुम्ही कधी बंगलोरला आलात तर," तो म्हणाला, "मी सगळं दाखवीन."

आणि मी म्हणाले, "मी कशाला येईन बंगलोरला?"

का म्हणाले? मला वाटलं होतं तो पुढे काहीतरी बोलेल. मी त्याच्या तोंडून ते काढून घेऊ बघत होते. बायका तशा बोलतात, असं मी कुठेतरी शिकले होते. पण तो सरळ माणूस होता. विचारलेल्या प्रश्नाचा तो नीट विचार करायचा.

"हो," तो म्हणाला. "तेही खरंच."

तेवढ्यात आईने हाक मारली. कॅमेरा तिने मांडीवर आणला होता. "दोघं तिथेच थांबा. जरा जवळ या, मावत नाही." आम्ही अर्धं पाऊल सरकलो. तिने काढला. संध्याकाळच्या कमी उजेडात तिच्या हातून फोटो हलला. घरी कार्ड लावून बघितलं तर होड्या, चिखल, कठडा सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि मध्ये दोन पुसट माणसं. कोण आहेत ते सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

तो गेला. सुरुवातीला रविवारी फोन यायचा, आईच्या फोनवर. ती बोलायची आणि मग "थांब, हिला देते" म्हणून मला द्यायची. मी राउटर कसा चालतोय ते सांगायचे. तो तिथली हवा सांगायचा. दोन वेळा मी ठरवलं होतं की आज सांगायचं, बंगलोर बघायचंय म्हणून. एकदा बाबा खोलीत होते. दुसऱ्यांदा कोणीच नव्हतं, तरी नाही सांगितलं. हळूहळू फोन महिन्यातून एकदा आला, मग सणाला. कॅमेऱ्याची लेन्स एक दिवस अर्धी बाहेर येऊन अडकली ती अडकलीच, आणि तेव्हा दुरुस्त करणारं ओळखीचं कोणी नव्हतं. तोवर बाबांच्या मोबाइललाही कॅमेरा आला होता. त्याचे फोटो ते वर येऊन दाखवायचे. आई बघायची.

माझं लग्न झालं. सासर हाटकेशला, रिक्षाने वीस मिनिटांवर. माझा नवरा चांगला माणूस आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आईकडे गेले. दार उघडंच होतं. पलंगाजवळ दोन खुर्च्या ओढलेल्या होत्या, स्टुलावर चहाचे कप आणि फरसाणाच्या बशा. आईने केस विंचरलेले होते.

"कोण आलं होतं?"

"तो आला होता," ती म्हणाली. "बायकोला घेऊन. गावाला चाललेत, मुद्दाम वाकडी वाट करून इथे आले. आत्ता गेले. तुला जिन्यात नाही भेटले?"

नाही भेटले. मी कोपऱ्यावर रिक्षा सोडून मेडिकलमध्ये आईच्या गोळ्या घेत होते. त्याच वेळी ते गेटमधून बाहेर पडले असतील.

"कशी आहे बायको?"

"छान आहे. हसरी आहे. मराठी येतं तिला थोडं थोडं." आईने चादरीची घडी उगीच नीट केली. "खूप वेळ थांबला गं. तुझं विचारत होता."

"काय विचारलं?"

"बरी आहे का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बरी आहे."

मी पर्स ठेवली आणि धावत बेनच्या घरात गेले, तिच्या गॅलरीत. रस्त्यावर पुष्कळ माणसं होती. पाठमोरी माणसं सगळी सारखीच दिसतात वरून. स्टेशनच्या दिशेने एक जोडपं चाललं होतं, त्याच्या हातात बॅग होती आणि तो तिला काहीतरी समजावून सांगत होता, मोकळ्या हाताने हवेत दाखवत. तो असेलही, नसेलही. हाक ऐकू जाईल इतकंच अंतर होतं. मी ग्रिलला धरून उभी राहिले. ते वळणावरून गेले. मग बेन मागून येऊन म्हणाली, "चाय पीएगी?" आणि मी म्हटलं, "हां, पीती हूँ."